आर्मरेस्ट, एक, मागाहून बसवलेला

आर्मरेस्ट हलत होता याबद्दल घरात दुमत नव्हतं. वाद होता तो किती हलत होता याचा. बायकोच्या मते तो "जरासा" हलत होता. मुलीच्या मते "हलतोय तर हलू द्या ना, बाबा" इतका हलत होता. आणि काटेकोरांच्या मते तो डावीकडे अकरा आणि उजवीकडे नऊ मिलिमीटर हलत होता. त्यांनी पट्टी लावून मोजलं होतं. खरं सांगायचं तर हलण्याबद्दल त्यांची एवढी तक्रार नव्हतीच. त्यांचं डोकं फिरलं होतं ते मधल्या दोन मिलिमीटरच्या फरकानं. हलायचंच असेल तर माणसानं, म्हणजे आर्मरेस्टनं, दोन्हीकडे सारखं तरी हलावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

काटेकोर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले होते, आणि ज्यांचे तराजू त्यांनी बाद केले त्या दुकानदारांनी रागाच्या भरात त्यांना हे नाव बहाल केलं होतं. काटेकोरांना ते मनापासून आवडलं. हळूहळू खरं आडनाव मागं पडलं. आता पोस्टमनसुद्धा जिन्यातून "काटेकोर, सही!" असं ओरडत असे आणि ते निमूटपणे सही करायला जात.

गाडी साधी होती. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक हँडब्रेक आणि त्याच्या मागे बाटली ठेवायला एक गोल खळगा, बस्स. कोपर टेकायला काही नाही. म्हणून काटेकोरांनी एके दिवशी, कुणालाही न विचारता, गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून आर्मरेस्ट आणला. वर मऊ झाकणाची लांबट पेटी, खाली एक पाय. तो पाय खळग्यात घालायचा आणि स्क्रू फिरवला की त्याचे दोन प्लॅस्टिकचे पंख फुगून आतून घट्ट बसणार. "फक्त दाबून बसवायचं, साहेब," दुकानदार म्हणाला होता, "कुणालाही जमेल." ही कुणालाही जमणारी गोष्ट काटेकोरांना जमली नाही, हे पुढे घरात बरेचदा निघालं. पण दोष त्यांचा नव्हता. खळगा गोल होता आणि पाय चौकोनी होता. याला जगातला कुठलाही निरीक्षक काय करणार?

तसा तो आर्मरेस्ट दोन वर्षं हलत होता आणि दोन वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. तो एकाएकी डोळ्यांवर आला तो मुलीला नोकरीचं पत्र आलं त्या आठवड्यात. पाण्याची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा होती, पाच तासांच्या अंतरावरच्या गावात. विहिरी, टाक्या, तळी असं ठिकठिकाणी जाऊन पाण्याचे नमुने आणायचे. त्यासाठी प्रयोगशाळेची गाडी मिळणार होती, पण ती चालवायला पक्का परवाना हवा होता. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की एक तारखेला परवान्यासह हजर व्हावं, अन्यथा जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल. मुलीकडे शिकाऊ परवाना होता. पक्क्या परवान्याची परीक्षा अठ्ठावीस तारखेला होती. त्यानंतरची तारीख थेट दीड महिन्यानं.

काटेकोरांनी पत्र वाचलं, "छान झालं" म्हटलं, आणि उठून न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायला घेतला. नळ गळत नव्हता. दुरुस्तीनंतर गळू लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ उघडलं. बसवत नव्हतं त्यांना. जेवताना मध्येच उठत, पेपर वाचताना मध्येच गॅलरीत जाऊन येत. मुलगी जाणार याचं त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते वाईट वाटणं कुठं ठेवावं हे कळत नव्हतं. घड्याळ बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, घरातलं सगळं दुरुस्त करून झालं असेल तर जरा खाली जाऊन या." म्हणून ते खाली गेले, गाडीत बसले, कोपर टेकलं, आणि आर्मरेस्ट हलला.

पहिला उपाय कागदाचा. जुन्या कॅलेंडरची पानं घडी घालून त्यांनी पाय आणि खळगा यांच्या फटीत कोंबली. हलणं थांबलं, पण आवाज सुरू झाला. प्रत्येक खड्ड्याला मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा एक चीत्कार. मुलगी गाडी शिकताना तीनदा दचकली आणि एकदा खरंच मांजर आलं म्हणून थांबून खाली उतरून पाहून आली.

"बाबा, राहू द्या ना आता," ती म्हणाली. "मला तो हलणाराच बरा वाटतो."

पोर आपलं मन राखतेय, बापाच्या खरेदीला नावं ठेवायची नाहीत म्हणून असं बोलतेय, हे काटेकोरांनी ओळखलं. म्हणजे ओळखलं असं त्यांना वाटलं. एवढ्या गुणी मुलीला परीक्षेला हलत्या आर्मरेस्टसह पाठवायचं नाही असा त्यांनी तिथल्या तिथं निश्चय केला.

दुसरा उपाय रबराचा. बायकोच्या व्यायामाच्या चटईचा एक कोपरा त्यांनी कापला. फक्त कोपरा. चटई गुंडाळून ठेवली तर दिसलाही नसता. पण बायकोला नेमकं त्याच संध्याकाळी व्यायामाचं सुचलं. त्यावर जे बोलणं झालं ते इथं देण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो की त्या बोलण्याच्या मानानं रबराचा उपयोग फारच कमी झाला. दुपारच्या उन्हात ते मऊ पडलं आणि आर्मरेस्ट आता मिलिमीटरमध्ये मोजता येणार नाही असा डुलू लागला.

इथं पूलवाले आले. वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ निवृत्त इंजिनियर होते. आयुष्यभर पूल बांधले होते आणि आता बांधायला पूल उरले नसल्यामुळे सल्ले देत. पार्किंगमध्ये काटेकोरांचे दोन पाय गाडीबाहेर दिसले तसे ते थांबले.

"काय चाललंय, साहेब?"

"आर्मरेस्ट."

"हलतोय?"

"हलतोय."

पूलवाल्यांनी डोळे मिटले, एक बोट आर्मरेस्टवर ठेवलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पाया कच्चा आहे."

"ते मलाही दिसतंय हो."

"दिसणं वेगळं. एकशे चाळीस मीटरचा पूल असता तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं? आधी खालची जमीन भरून काढा. पोकळी म्हणजे शत्रू. त्या खळग्यात चिकटद्रव ओता. दोन नळ्यांचं मिळतं ना, एकत्र केलं की दगड होतो, ते. पाय आत, चिकटद्रव भोवती, अर्धा तास हलवायचं नाही. सात पिढ्या हलणार नाही."

सात पिढ्यांची गरज नव्हती, अठ्ठावीस तारखेपर्यंत टिकलं तरी पुरे होतं. पण पूलवाल्यांचा आवाज असा होता की त्यांच्यासमोर कुणालाही आपलं काम एकशे चाळीस मीटर लांब वाटावं. काटेकोरांनी रविवारी सकाळी दोन नळ्या एकत्र केल्या, खळग्यात ओतल्या, पाय आत घातला आणि तो सरळ उभा राहावा म्हणून वरून हातानं धरून बसले. अर्धा तास हलवायचं नाही. ते हलले नाहीत. पंचविसाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की मिश्रण थोडं जास्त झालं होतं, पायाच्या कडेनं वर चढलं होतं, आणि सदऱ्याची बाही तिथं टेकलेली होती. तिसाव्या मिनिटाला त्यांनी हात उचलून पाहिला. आर्मरेस्टही उचलल्यासारखा झाला. बाही सुटेना.

आता सदरा काढून बाहेर पडता आलं असतं. पण पार्किंगमध्ये उघड्या अंगानं उतरणारा वजनमापे निरीक्षक ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. ते बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलवत, जणू रविवारची सकाळ बंद गाडीत घालवायची त्यांची जुनी सवयच आहे. पेपरवाला काच वाजवून पेपर देऊन गेला, तो त्यांनी एका हातानं वाचला. शेजारीण भाजी घेऊन आली, त्यांच्याकडे पाहिलं, वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भांडण झालंय का हो? होतं असं. पण घरी जा आता." चाळीस मिनिटांनी बायको कात्री घेऊन खाली आली. तिनं एक शब्दही न बोलता बाही कापली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

चिकटद्रवामुळे आर्मरेस्ट हलायचा थांबला, हे खरं. पण तो एका बाजूला कलून थांबला. बाहीचं ओझं त्याच बाजूला होतं ना! आणि त्याच्या कडेला निळ्या चौकड्यांच्या कापडाचा तुकडा कायमचा बसला. पूलवाल्यांनी पाहिलं, म्हणाले, "कलला? म्हणजे भार एकांगी पडला. माझ्या पुलांचं असं कधी झालं नाही," आणि वर निघून गेले. माणूस सल्ला देऊन वर निघून जातो आणि खाली कोण उरतं, याचा विचार काटेकोरांनी त्या दिवशी खूप केला.

"बाबा, खरंच राहू द्या," मुलगी पुन्हा म्हणाली. "मला ना, तो जरा मोकळा असलेलाच..."

"तू अभ्यास कर," काटेकोर म्हणाले. परीक्षा गाडी चालवण्याची होती, पण बापाच्या तोंडी दुसरं वाक्य येईना.

शेवटचा उपाय मात्र त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला. छिन्नीनं चिकटद्रव खरवडून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. मग त्यांनी प्लायवूडचा तुकडा खळग्याच्या मापानं गोल कापून घेतला. मधोमध पायाच्या मापाचं चौकोनी भोक पाडलं. चारी बाजूंनी चार पातळ पाचरी ठोकल्या. वरून लोखंडाच्या दोन एल पट्ट्या लावल्या आणि चार स्क्रू थेट गाडीच्या मधल्या प्लॅस्टिकमध्ये पिळले. एक स्क्रू पिळताना त्याची खाच झिजली, पण तो आत तर गेला. सत्तावीस तारखेला संध्याकाळी त्यांनी पट्टी लावली. डावीकडे शून्य. उजवीकडे शून्य. त्यांनी पुन्हा मोजलं, कारण शून्य हा आकडा त्यांना नोकरीत क्वचितच पाहायला मिळाला होता.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली, जी फक्त वजनमापांच्या माणसाच्याच हातून होऊ शकते. तराजू पास केला की ते त्याला सील ठोकत. स्क्रूच्या डोक्यांमधून तार फिरवायची, टोकं एकत्र करून त्यावर शिशाची छोटी गोळी बसवायची आणि चिमट्यानं दाबायची. ते सील म्हणजे तराजू मंजूर, यापुढे कुणी हात लावायचा नाही, लावला तर गुन्हा. कपाटात त्यांचा प्रशिक्षणातला सरावाचा चिमटा पडला होता. त्यावर ना वर्ष, ना क्रमांक. त्यांनी चार स्क्रूंमधून तार फिरवली, गोळी बसवली आणि चिमटा दाबला. कट. सव्वीस वर्षांत त्यांना त्या आवाजानं इतकं समाधान कधी मिळालं नव्हतं. रात्री जेवताना ते एकदाही उठले नाहीत.

अठ्ठावीस तारखेला सकाळी बापलेक परिवहन कार्यालयात पोचले. गाडी काटेकोरांनीच आणली होती. उतरताना नेहमीप्रमाणे त्यांनी ती गिअरमध्ये ठेवली. हँडब्रेकवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, कारण तो किती ओढला गेला हे आकड्यात कळत नाही. उगीच दोनदा 'कट' वाजेपर्यंत ओढायचा म्हणून ओढत.

खिडकीवर अर्ज भरायचा होता. मुलीनं आपले रकाने भरले आणि वाहनमालकाचे रकाने बापाकडे सरकवले. सगळ्यात शेवटी एक होता: 'मूळ वाहनात मागाहून केलेले बदल, असल्यास.' काटेकोरांनी पेन सरळ धरलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आर्मरेस्ट, एक, मागाहून बसवलेला. स्क्रू चार. सील एक.'

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचता वाचता चष्मा कपाळावर नेला.

"हे काय लिहिलंय?"

"बदल."

"इथं 'नाही' लिहितात."

"पण आहे."

"असला तरी 'नाही' लिहितात, साहेब. अकरा वर्षं मी या खिडकीवर बसतोय. या रकान्यात कुणी काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही."

"मग अकरा वर्षं तुम्ही हा रकाना छापताय कशाला?"

हे बोलायला नको होतं. कारकुनाचा चष्मा कपाळावरून पुन्हा नाकावर आला.

"बाबा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "खोडा ना ते."

"खाडाखोड केली की अर्ज बाद होतो."

"ते बरोबर आहे," कारकून आनंदानं म्हणाला. "आणि दुसरा अर्ज आज मिळणार नाही. आता लिहिलंच आहे तर तपासणी करावी लागेल. सहा नंबरची खोली."

सहा नंबरच्या खोलीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. बदल म्हणजे रंगाचा बदल असेल तर त्यांच्याकडे, इंजिनाचा असेल तर नऊ नंबरकडे. कोपर टेकायच्या वस्तूबद्दल त्यांच्याकडे काही आलेलं नव्हतं. नऊ नंबरला कुलूप होतं. बाहेर बसलेल्या शिपायानं फक्त 'सील' हा शब्द वाचला आणि विचारलं, "म्हणजे गाडी जप्त आहे का?" काटेकोरांचा चेहरा लाल झाला. मुलगी घड्याळाकडे पाहत होती. परीक्षा साडेअकराला सुरू होऊन एकला संपायची आणि बारा वाजत आले होते. तिच्या कपाळावर घाम होता. आपल्या एका सरळ वाक्यामुळे पोरीची नोकरी जाणार की काय, असं काटेकोरांना वाटू लागलं. तरी ते वाक्य खरं होतं, हेही त्यांच्या मनातून जाईना.

अखेर कारकुनानं अर्ज थेट मैदानावरच्या परीक्षकाकडे पाठवला. परीक्षक चाळिशीचा, उंच, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस होता. त्यानं रकाना वाचला, काटेकोरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघू तरी."

तो गाडीत बसला. आर्मरेस्टवर हात ठेवला. हलवून पाहिला. तो हलला नाही. काटेकोरांची मान आपोआप ताठ झाली. परीक्षकानं खाली वाकून तार पाहिली, शिशाची गोळी पाहिली. मग त्यानं हँडब्रेक ओढला. कट, कट, कट. आणि थांबला. त्यानं जोर लावला. हँडब्रेकचा दांडा आर्मरेस्टच्या पेटीला टेकला होता. पेटी जागची हलत नव्हती.

"तीनच कट," परीक्षक म्हणाला. "चढावर गाडी थांबवायची परीक्षा आहे. या ब्रेकवर ही चढावर उभी राहणार नाही. बाद."

बाद! हा शब्द काटेकोरांनी सव्वीस वर्षांत किती दुकानांत उच्चारला होता! इतक्या छोट्या शब्दात इतकं काही मावतं, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळलं. तोंडात मारल्यासारखे ते उभे राहिले.

"सर, पंधरा मिनिटं द्या," मुलगी म्हणाली. "काढून टाकतो."

"एकला मी मैदान बंद करतो," परीक्षक म्हणाला. "तोवर काढलंत तर घेतो. नाहीतर पुढची तारीख." आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

मुलगी बापाकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तापलेला होता. "बाबा, तो हलत होता म्हणूनच ब्रेक वर येत होता! मी कोपरानं त्याला बाजूला सारायचे आणि ब्रेक ओढायचे. रोज तसंच करत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले! किती वेळा बोलले! तुम्ही ऐकलंत कुठं?"

खरं होतं. ते अकरा मिलिमीटर वाया जात नव्हते, त्यातूनच ब्रेक वर येत होता. आणि काटेकोरांनी ते बंद केले होते, मोजून, पाचरी ठोकून, चार स्क्रूंनी. पोरीचा प्रत्येक शब्द त्यांनी ऐकला होता आणि प्रत्येक वेळी आपल्याला हवा तो अर्थ लावला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी लाज त्यांना बाही कापतानाही वाटली नव्हती.

मुलीनं डिकीतून स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड आणली. काटेकोर सीटवर गुडघे टेकून वाकले, आणि तिथंच थांबले.

"काय झालं?"

"सील आहे."

"बाबा!"

"सील तोडायचं म्हणजे कारण लिहून घ्यावं लागतं. कुणी तोडलं, कधी तोडलं..."

"मी तोडलं! आत्ता तोडलं!" मुलीनं पक्कड पुढे केली. काटेकोरांनी तिचा हात अडवला. पक्कड तिच्या हातून घेतली. आपण लावलेलं सील दुसऱ्यानं तोडणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी स्वतःच तार दाबली आणि तोडली. शिशाची गोळी सीटखाली घरंगळत गेली. सव्वीस वर्षांत आपल्याच हाताचं सील तोडायची ही पहिली वेळ. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. शिपाई पण धावत आला नाही.

तीन स्क्रू निघाले. चौथा, झिजल्या खाचेचा, निघेना. काटेकोरांनी दाबून फिरवला, ठोकून फिरवला, शेवटी "फिर की मेल्या" असं तोंडानं म्हणून फिरवला. एकला बारा मिनिटं होती. मुलीनं आर्मरेस्टची पेटी दोन्ही हातांनी धरली.

"बाबा, तुम्ही मला मागून ओढा."

काटेकोरांनी दाराबाहेर उभं राहून मुलीला कमरेला धरलं. एक, दोन, तीन! गाडीच्या मधल्या प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा, एल पट्टी, पाचरी, प्लायवूड आणि अख्खा आर्मरेस्ट असं सगळं एकदम निघालं आणि दोघं धपकन जमिनीवर बसले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी हसू लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. काटेकोरही हसले, थोडे उशिरा.

परीक्षकानं ब्रेक ओढला. सात कट. तो मुलीशेजारी बसला.

काटेकोर कुंपणापाशी आर्मरेस्ट काखेत धरून उभे राहिले. गाडी वळली, मागे आली, दोन खांबांमधून गेली. मग चढावर चढली आणि मध्येच थांबली. काटेकोरांनी श्वास रोखला. गाडी तिथं उभी होती, जराही मागे येत नव्हती. मिलिमीटरभरसुद्धा नाही, त्यांनी कुंपणाच्या खांबाशी ताडून पाहिलं. मग ती हळूच पुढे निघाली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दहा मिनिटांनी मुलगी हातात कागद घेऊन धावत आली. "बाबा! पास! परवाना लगेच छापून देतायत, सहा नंबरला!" तिनं त्यांना मिठी मारली, मध्ये आर्मरेस्ट होता, तो तिच्या बरगडीला लागला, तरी तिनं मारली. आणि ती पळाली.

काटेकोर एकटे उरले तसा परीक्षक त्यांच्याकडे आला. शिट्टी खिशात घातली. आजूबाजूला पाहिलं.

"साहेब, एक खाजगी विचारू?"

"विचारा."

"तो हलत नव्हता तुमचा. अजिबात. खाली काय घातलं होतंत?"

काटेकोरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"माझ्याही गाडीत आहे हो," परीक्षक ओशाळून म्हणाला. "असाच. दाबून बसवायचा म्हणाला दुकानदार. वर्षभर हलतोय. कागद घातले, रबर घातलं..."

"किती हलतो?"

"म्हणजे, हलतो बराच."

"मोजलं नाहीत?"

"नाही."

"अरेरे," काटेकोर म्हणाले, आणि सकाळपासून चुरगळलेला त्यांचा मानसन्मान इस्त्री केल्यासारखा सरळ झाला. "चला, दाखवा."

परीक्षकाची गाडी कार्यालयाच्या मागे उभी होती. काटेकोर सीटवर गुडघे टेकून आत वाकले. खिशातली पट्टी काढली. माप घेतलं. परीक्षक कागदावर आकडे लिहून घेऊ लागला. प्लायवूड किती जाड, पाचर कुठल्या बाजूनं, स्क्रू किती, सगळं काटेकोरांनी समजावून सांगितलं. आपल्याच आर्मरेस्टचा सुटलेला प्लायवूड लावूनही दाखवला.

"म्हणजे चारी बाजूंनी गच्च करायचं?" परीक्षकानं विचारलं.

"नाही, नाही. ब्रेकच्या बाजूला सोडायचं. अकरा मिलिमीटर." काटेकोर क्षणभर थांबले. "बाराही चालतील."

तेवढ्यात मुलगी आली. हातात नवा परवाना होता, अजून गरम. "बाबा, मी गाडी घेऊन घरी जाऊ का? आईला दाखवायचाय. तुम्हाला वेळ लागेल ना अजून?"

काटेकोरांच्या ओठांत दोन स्क्रू होते आणि डोकं दोन सीटांच्या मध्ये होतं. "हं," ते म्हणाले, "हो, जा जा."

मागे दार वाजलं. इंजिन सुरू झालं. काटेकोरांचा हात पाचरीवर थांबला. आपण काय म्हणालो ते त्यांना आत्ता कळलं. ते धडपडत बाहेर आले, डोकं दाराला आपटलं, स्क्रू तोंडातून पडले. गाडी फाटकापाशी पोचली होती. आत एकटी मुलगी होती, शेजारची सीट रिकामी. तीन आठवडे जागेवर बसू न देणारी गोष्ट नेमकी हीच होती, आणि ती त्यांच्याच तोंडच्या दोन शब्दांनी होऊन गेली होती. काहीतरी ओरडून सांगायला हवं होतं. बापानं सांगावं असं काहीतरी.

"अगं!" ते ओरडले. "हँडब्रेक सोडलास का?"

गाडी वळून दिसेनाशी झाली.

परीक्षक शेजारी येऊन उभा राहिला. "सोडला असणार हो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्याशिवाय गेली असती का?"

"नाही," काटेकोर रस्त्याकडे पाहत म्हणाले. "गेली नसती."